माजघराखालचं पाणी

क्रांती चौक, औरंगाबाद
२२ मार्च २०१६

ती. कारभारीकाकांना स्वरदाचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. घरात सगळे ठीक आहेत, मी सोडून. गेल्या मंगळवारी सोसायटीत टँकर आला. हल्ली नळ चौथ्या दिवशी येतो, त्यामुळे टँकरचा भोंगा वाजला की तीन मजल्यांवरून बादल्यांची फौज खाली उतरते. पोरांना इतिहास शिकवणारी तुमची स्वरदा दोन भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढताना घसरली आणि उजवा घोटा मोडून बसली. दीड महिना प्लास्टर आणि इमारतीला लिफ्ट नाही. तुम्हाला फोन करावा तर "हॅलो, कोन, पाटील का?" असं तीनदा विचारून ठेवून देता. म्हणून दुधाच्या गाडीवाल्याला हाताशी धरलंय. येता-जाता तो आपला टपाल खात्याचा माणूस.

आता मुद्द्याचं. केयूरनं मळ्याचा सौदा केला हे तुम्हाला कळलंच असेल. शेंद्र्याच्या कारखान्यांपासून करमाडपर्यंत प्लॉटच प्लॉट पडलेत, आपलंच रान कसं मागं राहील? धाकट्या भावाशी भांडून मी एवढंच पदरात पाडून घेतलं, की अक्षय तृतीयेला सगळ्या घरानं मळ्यातल्या घरात शेवटचं जेवायचं. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एक छोटी पुस्तिका द्यायची, घराचा इतिहास. ती मी लिहितेय. बसल्या बसल्या दुसरं करू तरी काय?

सुरुवात झाली आहे. "आमचे आजोबा मधुसूदनराव तहसील कचेरीत कारकून होते. बहात्तरच्या दुष्काळात, माणसं सुकडी खाऊन दिवस काढत असताना, त्यांनी हे घर बांधायला काढून कित्येकांच्या हाताला काम दिलं." बरं वाटतं ना? आजीचंही लिहिलंय. घरभर शहाबादी फरशी घातली तरी माजघराची जमीन तिनं मातीचीच ठेवली. रोज दिवेलागणीला माजघराच्या मधोमध पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायची. आम्ही विचारलं की म्हणायची, वास्तूच्या पुरुषाला तहान लागते. तिला जाऊन पंधरा वर्षं झाली, पण मागच्या खोलीतल्या सारजाबाईनं तो नेम मोडला नाही. आजही ती सारवते, तांब्या ठेवते. हा परिच्छेद वाचून केयूरच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

फक्त बांधणाऱ्यांची पाटी कोरी आहे. गवंडी कोण होता, दगड कुठला, घर नेमकं त्याच जागी का? तुम्ही तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे, बांधाला बांध लागून राहणारे. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

तुमची,
स्वरदा

---

करमाड शिवार
२५ मार्च २०१६

चि. स्वरदाताईस कारभारीचा आशीर्वाद.

पाय मोडल्याचं वाचून वाईट वाटलं. हाडाला डिंकाचा लाडू चांगला. द्वारकाबाईनं केलेत, गाडीवाल्याबरोबर धाडले आहेत. डबा परत धाड, नायतर ती मला जेवू घालायची नाय.

इकडं पाण्याचा खडखडाट आहे. मोसंबीची दोनशे झाडं मी लेकरावानी वाढवली होती, गेल्या महिन्यात सरपणाला गेली. पत्र कालच लिहिणार होतो, पण काल धुळवड होती. धुळवडीला मी घराबाहेर पडत नाय न् हातात काही धरत नाय, तुला माहीत आहे.

तू विचारलंस त्याचं लिहितो. घर त्र्याहत्तर साली बांधलं. भिंती दोन हात रुंद. गवंडी जालन्याकडचे होते, नावं ध्यानात नाय. दगड चांगला काळा, विहिरीतून निघालेला, सुरुंगानं फोडलेला. फोडणारा सखाराम वडार. त्याच्यासारखा दगड वाचणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाय. हात फिरवून सांगायचा, हा इथं फुटंल. घर उभं राहायच्या आधीच तो निघून गेला. लोक म्हणतात मुंबईला पळाला. त्याची बायको तीच आपली सारजाबाई. नवरा येईल म्हणून मळ्यातच राहिली. काकूंनी, तुझ्या आजीनं, तिला मागची खोली दिली. बाकी तुला ठाऊक आहे.

माझं नाव पुस्तकात घालू नको. मी काय केलं नाय. तांब्याचं लिहिलंस ते नाय लिहिलं तरी चालंल.

कारभारी

---

क्रांती चौक
३१ मार्च २०१६

ती. कारभारीकाका,

लाडू दोन दिवसांत संपले. डबा धुऊन पाठवतेय, काकूंना सांगा स्वरदा अजून खादाडच आहे.

तुमचं पत्र म्हणजे पावसाळी ढगासारखं, येतं मोठ्या तोऱ्यात आणि चार थेंब टाकून जातं. पण सखाराम मिळाला! सारजाबाईच्या नवऱ्याच्या हातचा दगड आमच्या भिंतीत आहे, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. तिनंसुद्धा नाही.

आता गंमत ऐका. प्लॉट घेणाऱ्या मंडळींना आधी पाणी पाहिजे, म्हणून केयूरनं पाचोडकडचा एक पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळं रान फिरला. ओढ्याकाठी नाही, मोसंबीच्या बागेत नाही. शेवटी घरात पाणी प्यायला म्हणून शिरला, आणि माजघराच्या मधोमध नारळ हातावर उभा राहिला! जिथं आजी तांब्या ठेवायची तिथंच. केयूर म्हणतो, असलं पाणी पंचक्रोशीत नाही. सहा तारखेला बोअरची गाडी येणार, भिंत थोडी पाडून आत घेणार. माझा नारळावर विश्वास नाही, पण अंगावर काटा आला हे खरं.

आणखी एक ठरवलंय, त्यात तुमची साथ हवी. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आजी पाच सवाष्णी बसवायची. गावातल्या कुणालाही बोलवायची, जात बघायची नाही, याचं आम्हाला कोण कौतुक! पण घरात दिवसरात्र राबणाऱ्या सारजाबाईला तिनं कधी त्या पाटावर बसवलं नाही. तिचं ताट मागच्या पडवीत. कपाळभर कुंकू लावणारी बाई, पण आजीनं तिला कधी कुंकू लावलं नाही, ओटी भरली नाही. मी दहा वर्षांची असताना विचारलं तर थोबाडीत बसली. आजीनं मला मारलेलं तेवढं एकदाच. तिची उदारता वडाराच्या बाईपाशी येऊन थांबत होती, दुसरं काय? पुस्तिकेत मी हे लिहिणार आहे. आणि अक्षय तृतीयेला पहिल्या पाटावर सारजाबाईला बसवून तिची ओटी भरणार आहे. पैठणगेटवरून हिरवंगार लुगडं आणवलंय. तिला आत्ता सांगू नका.

स्वरदा

---

करमाड
२ एप्रिल २०१६

ताई,

बोअर थांबव. केयूर माझं ऐकत नाय, हसतो. तू थांबव.

सारजाबाईची ओटी भरू नको. हिरवं लुगडं देऊ नको. काकूंबद्दल लिहिलंस ते खोडून टाक.

का ते विचारू नको.

कारभारी

---

क्रांती चौक
३ एप्रिल २०१६

कारभारीकाका,

दूध आलं तशी तुमची चिठ्ठी आली आणि सकाळपासून माझं डोकं फिरलंय. सारजाबाईची ओटी भरू नको? तुम्हीसुद्धा? ती तुमच्या सुनेची बाळंतपणं करून गेली तेव्हा चालत होती, पाटावर बसली की विटाळ? मला वाटायचं तुम्ही तरी आजीसारखे नाही. वाईट वाटलं, काका. खूप.

बोअर मी आठ दिवस पुढं ढकललीय. केयूरला खोटंच सांगितलं की एका गुरुजींनी मुहूर्त वाईट सांगितलाय. गिऱ्हाइकं असल्या गोष्टी मानतात, म्हणून ऐकलं त्यानं. पण आठच दिवस. त्यात मला कारण कळलं पाहिजे.

आणि तुम्ही 'का विचारू नको' म्हणालात की मी काय करते हे तुम्हाला माहीत आहे. तुमचं पहिलं पत्र पुन्हा काढलं. दगड विहिरीतून निघाला, सुरुंगानं फोडला, असं लिहिलंय तुम्ही. मळ्यात विहीर एकच, ओढ्याकाठची. ती पणजोबांच्या वेळची, विटांनी बांधलेली, तिला कधी सुरुंग लागला नाही. मग एवढ्या घराचा दगड ज्या विहिरीतून निघाला ती विहीर कुठं आहे?

स्वरदा

---

करमाड
८ एप्रिल २०१६

ताई,

ती विहीर माजघराखाली आहे. सखाराम तिच्यात आहे.

हे वाक्य लिहायला मला पाच दिवस लागले. त्याच्या आधी त्रेचाळीस वर्षं. आज पाडवा आहे. द्वारकाबाई गुढी उभारायला हाक मारते आहे म्हणं, नात खांदा हलवून सांगून गेली. मी उठलो नाय. आता सगळं लिहितो.

पाणी तिथंच होतं. पणजोबांपासून सगळ्यांना ठाऊक होतं की रानात खरं पाणी त्या जागी. म्हणून बहात्तरच्या पावसानं दगा दिल्यावर रावसाहेबांनी, तुझ्या आजोबांनी, तिथं विहीर धरली. खाली पाषाण लागला. सुरुंगाशिवाय तो फुटत नव्हता. शेजारच्या पाझर तलावाचं दुष्काळी काम रावसाहेबांच्या कचेरीच्या देखरेखीत होतं. तिथल्या जिलेटिनच्या कांड्या आपल्या विहिरीवर यायच्या. कागदावर त्या तलावात उडायच्या. हे मला ठाऊक होतं, सखारामलाही. त्या साली कोण कुणाला विचारत होतं?

धुळवडीचा दिवस. मजूर सुट्टीवर. सारजा सणाला पाचोडला माहेरी गेलेली, वय वीस, लग्नाला दोन वर्षं. तीस फूट खोल झालं होतं न् दगडाला घाम फुटला होता, म्हणजे पाणी आलंच. रावसाहेबांना दम निघंना. म्हणाले, आज आठ बार उडवा, उद्या पाणी काढू. मी न् सखाराम दोघंच कामावर.

बार मोजायचा कायदा तुला माहीत नसंल. वाती पेटवून वर यायचं, लांब बसायचं न् मोजायचं. आठ लावले तर आठ ऐकू आले पाहिजेत. सात ऐकले तर त्या दिवशी खाली कुणी उतरायचं नाय. सखाराम दोर गुंडाळत होता, म्हणाला, "कारभाऱ्या, आज तू मोज." मी मोजले. आठ झाले. मी ओरडलो, "आठ! उतर!"

आठवा बार आपल्या विहिरीचा नव्हता, ताई. तो तलावावरचा होता. तिथं धुळवडीलाही काम चालू होतं, दुपारी बाराला ते पण बार उडवायचे. मी त्यांचा एक आपल्यात मोजला.

सखाराम खाली पोचला न् मी कडेवरून वाकून काहीतरी इचारत होतो. तेवढ्यात आपला आठवा उडाला. एक बाजू सगळी खाली बसली. मी मागं फेकलो गेलो. डोळे उघडले तर रावसाहेब माझ्यावर वाकून बोलत होते न् मला काही ऐकू येत नव्हतं. लोकांना सांगितलं की तापात कान गेले. तुलाही लहानपणी तेच सांगितलं.

रावसाहेब कडेला पालथे पडले, खाली कान लावला. लई वेळ. मग उठून माझ्यापाशी आले न् बोटानं मातीत लिहिलं, "गेला. आवाज नाही." मला कोणी लिहून सांगितलेलं ते पहिलं. काकू भाकऱ्या घेऊन आल्या होत्या. त्यांनीही वाकून पाहिलं. मग रावसाहेबांचा हात धरून त्या सारख्या काहीतरी बोलत होत्या. मला ओठ दिसत होते. पाणी, पाणी म्हणत होत्या. मला वाटलं माझ्यासाठी म्हणतात. रावसाहेबांनी माझ्या तोंडाला तांब्या लावला. काकू रडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मजूर आले. त्यांना सांगितलं, दरड बसली, विहीर धोक्याची झाली, बुजवा. कडेचा मुरूम-माती आत ढकलली. चांगला दगड बाजूला काढला, तोच भिंतींना लागला. पुन्हा तिथं कुणी खोदू नये म्हणून त्याच जागी घर बांधलं. कांड्यांची चौकशी झाली असती तर नोकरी गेली असती, बेडी पडली असती. आठ दिवसांनी सारजा आली. रावसाहेब म्हणाले, मुंबईला जातो म्हणून गेला. ती खरं का म्हणून माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली.

मी मान हलवली, ताई. बोललोसुद्धा नाय.

काकूंनी तिला सवाष्णीच्या पाटावर का बसवलं नाय, ते आता तुला कळलं असंल.

एक गोष्ट मला त्रेचाळीस वर्षं खाते. रावसाहेबांनी लिहिलं तो शब्द मी खरा मानला. माझे कान असते तर मी स्वतः ऐकलं असतं. आवाज होता की नव्हता, हे मला कधीच कळायचं नाय. तुला कधी कळलं तर मला सांग. कसंही असलं तरी सांग.

कारभारी

---

क्रांती चौक
१० एप्रिल २०१६

काका,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून झाल्यावर पलंगावरून उठायला गेले, पायाचं भानच नव्हतं, पडले. आई धावत आली. तिला काय सांगू?

त्या माजघरात आम्ही सुट्टीत अंथरुणं टाकून झोपायचो. भोंडला खेळलो तिथं. माझं केळवण तिथं झालं.

आजी म्हणायची, वास्तूच्या पुरुषाला तहान लागते. मी ते छान निळ्या शाईनं लिहून काढलं होतं! केयूरची बायको रडली होती! ती पानं मी फाडली. सगळीच पुस्तिका फाडली. 'कित्येकांच्या हाताला काम दिलं.' शी!

आणि आजी. विधवेला सवाष्ण म्हणून बसवलं तर देवीचा कोप होईल, एवढं तिला कळत होतं. त्या बाईला तिचा नवरा कुठं आहे हे सांगावं, हे कळत नव्हतं? अठ्ठावीस वर्षं दर महालक्ष्म्यांना तिनं सोवळं सांभाळलं आणि सारजाबाईनं त्याच्या छातीवरची जमीन सारवली. तिच्याच हातानं. दर आठवड्याला. आजीचा फोटो मी भिंतीकडं तोंड करून ठेवला. तरी तिची आठवण येतेच, हे त्याहून वाईट.

तुमच्यावर रागवावं की नाही हे मला कळत नाही. बार मोजायला चुकलात त्यासाठी मी रागवणार नाही. मान हलवलीत त्यासाठी रागवले आहे. हे लिहिलंत म्हणून तुमचे पाय धरावेसे वाटतात. तिन्ही एकदम खरं आहे.

केयूरला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आता कुणाला माहीत आहे? बोअर दुसरीकडं घेऊ. घर पाडतील, वर रस्ता होईल. सौदा मोडला तर मी संपलो." माझाच भाऊ. आजोबांचाच नातू. मी त्याला सांगितलं, सारजाबाईला कळल्याशिवाय त्या घराचा दगड हलणार नाही, आणि हलला तर मी स्वतः पोलिसांत जाईन, मला खुर्चीत बसवून न्यावं लागलं तरी.

पण तिला आधी कळलं पाहिजे. यंत्राच्या दातांत नवरा दिसून नाही. आणि ते मी पत्रात लिहून तिला कुणाकडून तरी वाचून दाखवणं बरोबर नाही. तिनं तेव्हा तुमच्याकडं पाहिलं होतं ना? मग तुम्हीच सांगायचं.

स्वरदा

---

करमाड
१७ एप्रिल २०१६

ताई,

सांगितलं.

तुझं पत्र मिळून चार दिवस मी मळ्यापर्यंत जायचो न् परत यायचो. परवा सकाळी गेलो. ती माजघर सारवत होती. मी म्हणलं, सारजे, हात थांबव. तिनं थांबवला नाय, म्हणाली असंल शेण वाळंल. मग मी तिच्यापुढं खाली बसलो, ओल्यातच, न् सांगितलं. कांड्यांपासून मान हलवण्यापर्यंत. मला माझा आवाज ऐकू येत नाय, त्यामुळं ओरडत होतो की कुजबुजत होतो ते देवाला ठाऊक.

तिचा हात सारवणावर तसाच राहिला. मग तिनं हात उचलला न् मागं सरकली. सरकत सरकत भिंतीला टेकली. त्या जमिनीवर तिचा पाय लागू नये असं करत होती. तिथून एकटक बघत होती. मला वाटलं हिचा जीव जातो.

लई वेळानं माझ्याजवळ आली न् माझ्या कानाला तोंड लावून ओरडली. उजव्या कानानं थोडं येतं मला. ती जे बोलली ते तसंच लिहितो.

"मंग ते पळून नाय गेले?"

मी म्हणलं, नाय.

"मला टाकून नाय गेले?"

मी म्हणलं, नाय गं.

मग तिनं माझ्या छातीवर दोन्ही हातांनी मारलं. शेणाच्या हातांनी. थांबायलाच तयार नाय. मारता मारता ओरडत होती, त्यातलं जेवढं आलं तेवढं आलं. "पाचोडहून भाऊ आला व्हता. चांगलं ठिकाण घिऊन. आमच्यात पाट लागतो, बाईचं दुसरं लगीन व्हतं कारभाऱ्या, तुला ठावं हाय. म्या भावाला हाकलून लावला. म्हणलं माजा धनी जित्ता हाय, येनार हाय. तवा बी तू हितंच व्हता. बांधावर बसून भाकर खात व्हता."

ते खरं आहे. मी बांधावर होतो. भाऊ तोंड पाडून गेला ते मी पाहिलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर तिची लेकरं-नातवंडं असती. हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं, ताई. मी आपला सखारामचाच विचार करायचो.

मग मी पाटाचं सांगितलं, सवाष्णीचं. काकूंनी का बसवलं नाय ते. ती खाली बसली. हळूच बोलली, मला ऐकू आलं नाय. मी म्हणलं पुन्हा बोल. तिनं कानात सांगितलं, "मला वाटायचं जातीमुळं. त्येच लई बरं व्हतं. जातीचं असतं तर म्या सोसलंच व्हतं की."

कुंकू आहे तसंच आहे. मी काही विचारलं नाय.

काल आम्ही दोघं पोलिसांत जाऊन आलो. मी लिहून दिलं. साहेब तरुण आहे, दोनदा वाचून माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला आधी खोदून बघू, मग तुमचं. मी कुठं पळणार आहे? पुढच्या महिन्यात खोदतील. मी तिथं येणार नाय. माझ्यानं होणार नाय. मी विचारलेलं तेवढं ध्यानात ठेव.

कारभारी

---

करमाड, मळा
१० मे २०१६

ती. कारभारीकाका,

प्लास्टर निघालं. काठी घेऊन चार दिवस मी मळ्यात आहे. तुमच्या घराचा धूर मला इथून दिसतो. उठून यावं आणि समोर सांगावं, तर ओरडून सांगण्यासारखं ते नाही. म्हणून दोन शेतांच्या अंतरावरून लिहिते.

शनिवारपर्यंत खोदणं चाललं. पोलीस, तहसीलचे लोक, पंच, सगळे होते. माजघराचं छप्पर काढावं लागलं. गिऱ्हाइकानं सौदा मोडला. केयूर आला, एका बाजूला हात बांधून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं सारजाबाईसाठी झाडाखाली खाट टाकली. माझ्याशी बोलला नाही अजून.

सारजाबाई सगळा वेळ कडेला बसून होती. साहेब म्हणाले, आजी, घरी जा. ती म्हणाली, "हेच घर हाय माजं."

अठ्ठावीस फुटांवर ते सापडले. मोठ्या दगडाखाली नव्हते, काका. दरड बसली तेव्हा एक शिळा तिरकी अडकली होती आणि तिच्यामागं कपार उरली होती, माणूस बसेल एवढी. ते बसलेले होते. पाठ टेकून. पायावर दगड होता.

तुम्ही सांग म्हणाला होतात. कसंही असलं तरी सांग म्हणाला होतात. मी दोन दिवस ठरवत होते की खोटं लिहावं. सारजाबाईनं ओळखलं. म्हणाली, "कारभाऱ्याला खोटं लिवू नगं. खोट्यानं माजं काय झालं ते बघ की."

त्यांच्या मांडीपाशी हातोडा होता. डोक्याजवळच्या दगडावर ठोकल्याच्या खुणा होत्या. एकाच जागी, बशीएवढा खळगा पडेपर्यंत. पंचांनी मोजमाप लिहून घेतलं. तो खळगा एका तासाचा नाही, असं खोदायला आलेला एक दगडफोड्या म्हणाला.

आवाज होता, काका.

तुम्ही पाडव्याच्या पत्रात लिहिलंत की आजी आजोबांचा हात धरून पाणी, पाणी म्हणत होती. तुम्हाला वाटलं, तुमच्यासाठी. ती तुमच्यासाठी म्हणत नव्हती. खालून जे ऐकू येत होतं तेच ती आजोबांना सांगत होती. मला दुसरा अर्थ लागत नाही. आणि तिनं मरेपर्यंत रोज दिवेलागणीला कुणासाठी तांब्या ठेवला, तेही आता विचारायला नको. ऐकू येणारी दोन माणसं होती तिथं. दोन्ही माझी होती.

हिरवं लुगडं मी लपवून ठेवलं होतं. सारजाबाईनंच मागितलं. मी म्हटलं, आता ते कसं देऊ? ती म्हणाली, "माज्या नावानं आनलं ना? मंग म्या कुनाला बी पांघरीन." घडी मोडून तिनं ते त्यांच्यावर घातलं. कडेनं सारखं केलं, झोपलेल्या माणसाला करतात तसं. मग पोलीस त्यांना घेऊन गेले. तपासणी झाली की आणून देतील म्हणाले.

काल अक्षय तृतीया झाली. ठरल्याप्रमाणे जेवण नाही झालं. तुमच्याकडं काल पितरांची घागर भरली असेल, आमच्याकडंही भरतात. सकाळी मी टँकरच्या पाण्यानं नवी घागर भरून, वर आंबा ठेवून, खड्ड्याच्या कडेला नेली. म्हटलं, सारजाबाई, तुम्ही वाहा त्यांच्या नावानं. तिनं घागरीकडं पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. आत गेली आणि तो पितळी तांब्या घेऊन आली. चिंचेनं लख्ख घासलेला.

"ह्येच्यातनंच देते," म्हणाली. "पंधरा वरसं म्याच ठिवलाय रोज. कुनाला ते ठावं नव्हतं, पर पानी माज्या हातचं व्हतं."

तिनं तांब्या कडेवर ठेवला. खाली तळाला ओल आली आहे, आज सकाळी चार बोटं पाणी दिसलं. पाणाड्या खोटं बोलला नव्हता.

ती अजून तिथंच बसली आहे. मला म्हणाली, कारभाऱ्याला लिही, हातोड्याचं वाचून झालं की ये म्हणावं. मी विचारलं, माफ केलं का त्यांना? तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खाली बघितलं.

"माफ न्हाई," ती म्हणाली. "पर तवा म्या म्हायेरी व्हते आन् कारभाऱ्याला कान नव्हते, माज्या मानसाची हाक आमाला ऐकूच आली नाय. हाक ऐकून बी त्येंना खाली सोडलं, असं आमी दोघांनी तरी केलं नाय. त्याला येऊन बसू दी."

या, काका. तिच्या शेजारी जागा आहे.

स्वरदा